ठाव

वादळानंतर नदीने कूस बदलली
आणि ऊन पाणी हरवलं.

वुलायमध्ये पाणी हरवणं म्हणजे काय
ते हॉटेलवाल्यांना विचारा.
गच्चीवरच्या टाक्या कोरड्या, गिऱ्हाईक परत,
आणि पुलाखाली, जिथे पहाटे वाफ उभी असायची,
तिथे घराएवढे धोंडे, एक फ्रिज,
कुणाच्या तरी पाटीवरचं अर्धं अक्षर.

तैपेईहून साहेब आले.
त्यांच्याकडे यंत्र होतं, रोखलं की आकडा सांगणारं.
उन्हाने तापलेला प्रत्येक दगड
त्याला झरा वाटला.
मी म्हणालो, बूट काढा.
साहेबांनी एक काढला.

मी हायुंग. पाईप बसवतो, पाईप बदलतो,
पूर आला की पाईप शोधायला खाली खाली जातो,
धरणाच्या भिंतीपर्यंत.
माझ्या बापाला, बातूला, नकाशा कळत नसे.
तो थंडगार धारेत अनवाणी उभा राहायचा,
डोळे मिटून बोटं वाळूत फिरवायचा,
राळ्यातले खडे निवडावेत तशी, सावकाश.
'टाच खोटं बोलते,' म्हणायचा,
'तिला सगळ्याची सवय झालेली असते.
अंगठ्याच्या बेचकीला विचार.'

आमच्या बोलीत उलाय म्हणजे ऊन पाणी.
पण आई तो शब्द नेहमी ओरडूनच म्हणायची,
आम्ही काठाशी पोचायच्या आत.
त्यामुळे कितीतरी वर्षं मला वाटे
उलाय म्हणजे मागे हो.
अजूनही बसच्या पाटीवर गावाचं नाव दिसलं
की पाय आखडतो.

चौथ्या दिवशी,
पलीकडच्या काठाला, वाकलेल्या बांबूंच्या खाली,
बेचकीत आधी गुदगुली झाली.
मग चावा.
वाळू उकलत होती, भातावरच्या पाण्यासारखी.
मी पाय काढला नाही. इतक्या दिवसांनी भेटलेल्याला
असं लगेच सोडतात का?

साहेब वर टपरीत बसून
बांबूच्या नळीतला भात काडीने कोरत होते.
'लागला ठाव?'
'अजून नाही,' मी म्हणालो.
तोंडाला मिरी लागल्यासारखी जीभ जड झाली.
खोटं बोलायची सवय टाचेला असते,
जिभेला नव्हती.

त्या रात्री धोंड्यांचं कडं रचलं.
नदीला आत यायला वाट ठेवली, ओंजळभर,
पोळू नये आणि निवूही नये इतकी.
टॉर्च न लावता त्या आल्या.
लावा, सायुन, चुलतभावाच्या पाठीवरून रिमुय.
आयुष्यभर मागाच्या लाकडी पेटीला
दोन्ही पाय रेटून बसलेल्या बायका.
कापड संपलं, गुडघे तसेच ताठ राहिले.
तिकीट नाही, टोपी नाही, भिंतीवर घड्याळ नाही.
बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज.
मग लावा म्हणाली, पूर्वीइतकं ऊन नाही.
सायुन म्हणाली, पाणी तेच आहे,
तुझी कातडी निबर झाली.
रिमुय काहीच बोलली नाही.
तिने पाण्याखाली एक पाय लांब केला,
अगदी लांब,
आणि माझ्याकडे असं बघितलं
जणू तो पाय मीच विणला होता.

दोन रात्री.

तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं.
घरी गॅस संपला होता, मुलीची फी राहिली होती,
आणि झरा काही माझ्या बापाचा नाही.
म्हणजे, होता. पण कागदावर नाही.

साहेबांनी माझ्या लालबुंद पंजाकडे पाहिलं,
कड्याच्या दगडांकडे पाहिलं,
एका दगडावर राहिलेल्या लाकडी कंगव्याकडे पाहिलं.
काही विचारलं नाही.
खाली बसून दुसरा बूट काढला.

पाईप मीच बसवला. चार इंची.
आता सगळ्या टाक्यांवर पुन्हा वाफ आहे
आणि बांबूंच्या खाली एक सांधा थोडा गळतो.
मुकादम दर आठवड्याला आठवण करतो.
मी म्हणतो, हो, पुढच्या सोमवारी.